संकेतस्थळाच्या अटी, गोपनीयता धोरण आणि वकिलाची छाननी : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

बँक असो, विक्रीसंस्था असो वा महाविद्यालय असो, संकेतस्थळाच्या तळाशी बहुधा दोन दुवे असतात. एक ‘वापराच्या अटी व शर्ती’चा आणि दुसरा ‘गोपनीयता धोरणा’चा. दोन्ही मजकूर शेजारीशेजारी, सारख्याच बारीक टाइपात आणि सारख्याच कोरड्या भाषेत असल्यामुळे ते एकाच दस्तऐवजाचे दोन भाग आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. वकिलाकडे तपासणीसाठी ते पाठविले जातात तेही एकत्रच, आणि बरेचदा संकेतस्थळ पूर्ण तयार झाल्यानंतर, केवळ एक उपचार म्हणून.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता या दोन मजकुरांची कुळे भिन्न असल्याचे दिसते. अटींचे कूळ एकोणिसाव्या शतकातील रेल्वेच्या तिकिटाशी जाऊन भिडते, तर गोपनीयता धोरणाचे कूळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगणकीय नोंदींविषयीच्या सरकारी चौकशांत सापडते. अटींमध्ये लिहिणारा पक्ष स्वतःवरील जबाबदारी कमी करून घेतो. धोरणामध्ये तोच पक्ष स्वतःला वचनाने बांधून घेतो. हा भेद ज्या वकिलाने ओळखला नाही, त्याची छाननी कितीही काटेकोर असली तरी ती अर्धीच राहते. हा भेद कसा निर्माण झाला आणि वकिलाच्या कामाचे स्वरूप त्यामुळे कसे बदलत गेले, याचा मागोवा येथे घेतला आहे.

तिकिटाची मागील बाजू

छापील अटींविषयीचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा निवाडा इ.स. १८७७ मधील ‘पार्कर विरुद्ध साउथ ईस्टर्न रेल्वे’ हा होय. लंडनच्या चेरिंग क्रॉस स्थानकावरील सामानघरात एका प्रवाशाने दोन पेन्स भरून आपली बॅग ठेवली व पावती घेतली. पावतीच्या दर्शनी बाजूवर ‘मागे पाहा’ असे छापले होते, आणि मागील बाजूस दहा पौंडांहून अधिक किमतीच्या वस्तूंची जबाबदारी कंपनीवर नाही, अशी अट होती. बॅग हरवली. तिची किंमत चोवीस पौंड दहा शिलिंग होती. प्रवाशाचे म्हणणे असे, की त्याने तो मजकूर वाचलाच नाही आणि ती केवळ पोचपावती आहे, असे त्याने गृहीत धरले होते.

अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. परंतु त्या आदेशापेक्षा त्यामागील कसोटी अधिक महत्त्वाची ठरली. ग्राहकाने अट वाचली होती काय, हा प्रश्न बाजूला पडला आणि अटीची पुरेशी सूचना मिळेल असे कंपनीने केले होते काय, हा प्रश्न पुढे आला. वाचनाची जागा सूचनेने घेतली. त्यानंतरच्या साऱ्या इतिहासाची दिशा या एका बदलाने ठरली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. कारण यापुढे कंपनीच्या वकिलाचे काम ग्राहकाला समजावून सांगण्याचे उरले नाही. सूचना दिली होती, असे पुढे न्यायालयात दाखविता येईल अशी व्यवस्था करणे, हे त्याचे काम झाले.

ही कसोटी कोणत्या टोकाला जाऊ शकते हे १९३० च्या ‘थॉम्प्सन विरुद्ध लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे’ या निवाड्यात दिसले. सहलीचे स्वस्त तिकीट एका निरक्षर स्त्रीसाठी तिच्या भाचीने काढले होते. तिकीट दोन शिलिंग सात पेन्सचे होते. त्यावर अटींसाठी कंपनीचे वेळापत्रक पाहावे, असा निर्देश होता. ते वेळापत्रक सहा पेन्सना विकत मिळत असे, आणि इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही ही अट त्याच्या ५५२ व्या पानावर होती. ती स्त्री रेल्वेतून उतरताना जखमी झाली, पण दावा हरली. जिला अक्षरओळख नाही, तिलाही छापील सूचना पोहोचली असे कायद्याने मानले. पुढे १९७१ मध्ये ‘थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग’ या प्रकरणात लॉर्ड डेनिंग यांनी या प्रवाहाला आवर घातला. यंत्रातून बाहेर पडलेल्या तिकिटाशी ग्राहक हुज्जत घालू शकत नाही, आणि जितकी अट जाचक तितकी तिची सूचना ठळक हवी, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता.

भारतात १८७२ च्या करार कायद्यात छापील नमुना-करारांचा स्वतंत्र विचार नव्हता. तरीही भारतीय न्यायालये सार्वजनिक धोरणाच्या तत्त्वाचा आधार घेऊन काही ठिकाणी इंग्रजी न्यायालयांहून पुढे गेली. ‘लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी’ (१९६६) या मद्रास उच्च न्यायालयातील प्रकरणात एका नव्या साडीचा प्रश्न होता. धुलाईगृहाच्या पावतीवर, कपडा हरवल्यास किमतीच्या केवळ १५ टक्के भरपाई मिळेल, अशी अट होती. ही अट मान्य केली तर ग्राहकाचा कपडा हरविल्याचे दाखवून तो पंधरा टक्क्यांत बळकावण्यास उत्तेजनच मिळेल, हे ओळखून न्यायालयाने ती अट नाकारली. विधी आयोगाने १९८४ च्या आपल्या १०३ व्या अहवालात अन्याय्य अटींविषयी करार कायद्यात स्वतंत्र तरतूद सुचविली. ती प्रत्यक्षात आली नाही. ग्राहकांपुरती ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना कायद्यात आली ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, म्हणजे पस्तीस वर्षांनी.

वेष्टनाकडून पडद्याकडे

संगणकप्रणाली खोक्यातून विकल्या जाऊ लागल्या तेव्हा तिकिटाची जागा प्लास्टिकच्या वेष्टनाने घेतली. वेष्टन फाडले म्हणजे आतील अटी मान्य केल्या, अशी ही रीत. अमेरिकेतील ‘प्रोसीडी विरुद्ध झाइडेनबर्ग’ (१९९६) या निवाड्याने तिला बळ दिले. तीन हजारांहून अधिक दूरध्वनी निर्देशिकांतील माहिती एकत्र करून कंपनीने तबकडी काढली होती. विस्कॉन्सिनमधील एका विद्यार्थ्याने घरगुती वापरापुरती ती विकत घेऊन त्यातील माहिती स्वतःच्या संस्थेमार्फत इतरांना विकण्यास आरंभ केला. अटी खोक्याच्या आत होत्या. परंतु त्या पटल्या नाहीत तर वस्तू परत करण्याची सोय होती, म्हणून त्या बंधनकारक ठरल्या. न्यायाधीश ईस्टरब्रुक यांनी या संदर्भात विमानाच्या व संगीत-मैफलीच्या तिकिटांचे दाखले दिले. तिकिटाचा वारसा न्यायालयाला चांगला ठाऊक होता, हे त्यावरून दिसते.

सहा वर्षांनी, २००२ मध्ये, ‘स्पेश्ट विरुद्ध नेटस्केप’ या प्रकरणात निकाल उलट लागला. प्रणाली उतरवून घेण्याचे बटण पडद्यावर दिसत होते, मात्र अटींचा उल्लेख त्याच्या खाली, पान सरकविल्यावरच दिसेल अशा जागी होता. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायाधीश सोटोमायोर यांनी लिहिलेल्या या निवाड्यानुसार केवळ बटण दाबल्याने संमती सिद्ध होत नव्हती. या निवाड्यानंतर संकेतस्थळाच्या अटींची छाननी करणाऱ्या वकिलाला मजकुराबरोबर पडद्याची मांडणीही पाहावी लागू लागली. चौकोनात खूण करण्याची आजची पद्धत अशा निवाड्यांच्या छायेत रूढ झाली. हा बदल वाचकाच्या सोयीसाठी झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १८७७ ची कसोटी नव्या पृष्ठभागावर लागू झाली, इतकेच.

धोरणाचा वेगळा जन्म

गोपनीयता धोरणाला तिकिटाचा असा पूर्वज नाही. अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या सल्लागार समितीने १९७३ मध्ये संगणकीय नोंदी आणि नागरिकांचे हक्क यांविषयी अहवाल दिला. नागरिकांच्या नकळत कोणतीही नोंदप्रणाली असू नये, आणि एका कारणासाठी घेतलेली माहिती संमतीविना दुसऱ्या कारणासाठी वापरली जाऊ नये, ही त्यातील तत्त्वे. १९८० ची आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे आणि १९९५ चा युरोपीय संघाचा निर्देश यांतून ती विस्तारली. युरोपात त्यांना कायद्याचे रूप मिळाले. अमेरिकेत मात्र व्यापारी संकेतस्थळांसाठी सर्वसाधारण कायदा न करता स्वयंनियमनावर भिस्त ठेवण्यात आली.

त्या स्वयंनियमनाची स्थिती फेडरल ट्रेड कमिशनच्या १९९८ च्या पाहणीत उघड झाली. चौदाशेहून अधिक संकेतस्थळे तपासली गेली. व्यापारी संकेतस्थळांच्या नमुन्यात माहितीच्या वापराविषयी काहीतरी सांगणारी स्थळे केवळ १४ टक्के होती, आणि सर्वांगीण धोरण असलेली सुमारे २ टक्के. दोनच वर्षांनी, २००० च्या पाहणीत, काही ना काही निवेदन असणाऱ्या स्थळांचे प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले. इतक्या अल्पकाळात इतके दस्तऐवज निर्माण झाले, तेव्हा ते सर्व विचारपूर्वक लिहिले गेले असतील, हे संभवत नाही.

कमिशनजवळ गोपनीयतेचा सर्वसाधारण कायदा नसला तरी एक जुने हत्यार होते. १९१४ च्या कायद्याच्या पाचव्या कलमात १९३८ च्या दुरुस्तीने फसव्या व्यवहारांना बंदी घातली होती. जाहीर केलेले धोरण न पाळणे हीच फसवणूक, अशी भूमिका कमिशनने घेतली. १९९८ मध्ये जिओसिटीज या संकेतस्थळाविरुद्ध कारवाई झाली. नोंदणी-अर्जातील शिक्षण, उत्पन्न, वैवाहिक स्थिती आदी ऐच्छिक माहिती परवानगीविना इतरांना देणार नाही, असे सदस्यांना सांगूनही ती जाहिरातींसाठी इतरांच्या हाती गेली, असा कमिशनचा आरोप होता. कंपनीने आरोप मान्य न करता तडजोड केली. धोरण हे स्वतःवर ओढवून घेतलेले बंधन आहे, हे मात्र त्या दिवसापासून स्पष्ट झाले.

याहून बोधक प्रकरण टॉयस्मार्ट या खेळणी विकणाऱ्या संस्थेचे आहे. ग्राहकांची माहिती आपण तिऱ्हाइतास कधीही देणार नाही, असे तिच्या धोरणात म्हटले होते. २००० मध्ये संस्था बुडाली. विकण्याजोगी जी थोडी मालमत्ता उरली होती तीत ग्राहकांची यादी होती, आणि त्या यादीत मुलांची नावे व जन्मतारखाही होत्या. यादी विक्रीस निघताच कमिशन न्यायालयात गेले. अखेरीस डिस्नेच्या एका उपकंपनीने ५० हजार डॉलर भरले आणि २००१ च्या आरंभी ती यादी नष्ट करण्याचे ठरले. ‘कधीही नाही’ हे शब्द लिहिताना संस्था स्वतःच विकली जाऊ शकते, हा विचार झाला नव्हता.

वकीलवर्गाने यातून जो धडा घेतला तो लक्षणीय आहे. वचन मोडू नये, हा धडा घेण्याऐवजी वचन जपून द्यावे, हा धडा घेतला गेला. ॲमेझॉनने २००० मध्येच धोरण बदलले आणि व्यवसायाचे हस्तांतरण झाल्यास ग्राहकांची माहिती हस्तांतरित मालमत्तेत मोडेल, असे नमूद केले. आज असे कलम जवळजवळ प्रत्येक धोरणात सापडते. ‘देणार नाही’ याच्या जागी ‘देऊ शकतो’ आले, ‘यासाठी’ याच्या जागी ‘यांसारख्या कारणांसाठी’ आले. मोडलेल्या वचनाला शिक्षा करणाऱ्या व्यवस्थेने वचनेच संदिग्ध करण्यास प्रोत्साहन दिले, ही त्या काळाची विसंगती होय. अशिलाच्या हिताच्या दृष्टीने वकिलाचा हा सल्ला चुकीचा म्हणता येत नाही. परंतु धोरण ज्या हेतूने जन्मले त्या हेतूचा त्यात लोप झाला आणि धोरण हळूहळू अटींसारखे दिसू लागले.

संदिग्धतेलाही मर्यादा होती. २००४ मधील गेटवे लर्निंगच्या प्रकरणात संस्थेने स्पष्ट संमतीविना माहिती भाड्याने न देण्याचे वचन दिले होते. नंतर माहिती भाड्याने दिली आणि मग धोरण बदलले. जुन्या धोरणाच्या भरवशावर दिलेल्या माहितीला नवे धोरण मागाहून लावता येत नाही, असे कमिशनने म्हटले. या व्यवहारातून मिळालेले ४,६०८ डॉलर संस्थेला सोडावे लागले. रक्कम क्षुल्लक होती. पण त्यामुळे छाननीत एक नवा प्रश्न आला, की धोरणाची कोणती आवृत्ती कोणत्या तारखेला लागू होती. जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याचे महत्त्व अशा प्रकरणांनी पटवून दिले. त्याच वर्षी १ जुलैपासून कॅलिफोर्नियाचा २००३ चा कायदा अमलात आला आणि धोरण प्रसिद्ध करणे सक्तीचे झाले.

या दस्तऐवजांच्या वाचकाचे काय झाले, याचा हिशेब मॅक्डोनाल्ड व क्रेनर या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे धोरण एका व्यक्तीने वाचायचे ठरविल्यास वर्षाला सुमारे दोनशे तास लागतील, असा त्यांचा अंदाज होता. लिहिणाऱ्या पक्षाजवळ वकील असतो. मान्यता देणाऱ्याजवळ वकील नसतो आणि वेळही नसतो.

भारतातील प्रवास

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये झाला. २००८ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेल्या करारांना स्पष्ट मान्यता देणारे कलम १०अ आणि संवेदनशील माहितीच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाईचे कलम ४३अ त्यात आले. ४३अ खालील २०११ च्या नियमांपैकी चौथ्या नियमाने गोपनीयता धोरण संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे ‘बॉडी कॉर्पोरेट’वर बंधनकारक केले. येथील धोरणांचा मोठा भाग या नियमामुळे जन्मला. मात्र त्यांचे शब्द पुष्कळदा परदेशी नमुन्यांवरून जसेच्या तसे उचललेले दिसतात. ज्या देशाशी संस्थेचा संबंध नाही तेथील कायद्याचा हवाला, अस्तित्वात नसलेल्या अधिकाऱ्याचा उल्लेख, अशा खुणा त्यांत आढळतात. उसना घेतलेला अटींचा मसुदा फार तर निरुपयोगी ठरतो. उसने घेतलेले धोरण मात्र अधिक धोक्याचे, कारण त्यात संस्था अशी वचने देते की जी तिने दिली असल्याचे तिलाच ठाऊक नसते.

येथे वकिलाच्या व्यवसायाच्या इतिहासाचाही संबंध येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर व वकील ही विभागणी दीर्घकाळ होती. दस्तऐवजांचे मसुदे व तपासणी सॉलिसिटरांकडे असे. ॲडव्होकेट्स कायद्याच्या १९७६ मधील दुरुस्तीने अ‍ॅटर्नींचा वेगळा वैधानिक दर्जा गेला, तरी मसुदा-कामाची ती परंपरा मुंबईत टिकून राहिली. वकिली म्हणजे केवळ न्यायालयात उभे राहणे नव्हे, सल्ला देणे व मसुदे करणे हेही तिच्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील ए. के. बालाजी प्रकरणात स्पष्ट केले. जुन्या सॉलिसिटरची पद्धत मालमत्तेचा दस्त करण्याआधी शोध घेण्याची होती. कागदावर लिहिलेले आणि जमिनीवर असलेले जुळते का, हे तो आधी पाहत असे. गोपनीयता धोरणाच्या छाननीला नेमकी हीच पद्धत लागते. कोणती माहिती घेतली जाते, ती कोणाच्या संगणकावर साठते, प्रवेशअर्जाचे काम ज्या बाहेरच्या संस्थेकडे दिले आहे तिला काय दिसते, जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी किती वर्षे राहतात, या प्रश्नांची उत्तरे मसुद्यात नसतात. ती कार्यालयात बसून, लिपिकाला व संगणक-कर्मचाऱ्याला विचारून मिळवावी लागतात. एक-दोन तासांत मजकुरावर लाल शाईने खुणा करून परत पाठविणे, ही अटींची छाननी होऊ शकेल, धोरणाची नव्हे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यात सूचना व संमती यांचा विचार तिकिटाच्या परंपरेपेक्षा निराळा आहे. नियमांनुसार सूचना इतर मजकुरापासून स्वतंत्रपणे समजेल अशी, सोप्या भाषेत आणि घेतल्या जाणाऱ्या माहितीचा बाबवार तपशील देणारी असावी लागते. संमतीचा जो भाग कायद्याशी विसंगत असेल तो तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. मंडळाकडे तक्रार करण्याचा हक्क कोणी खूण करून सोडून दिला तरी तो सुटत नाही. कायदाभंगाबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

महाविद्यालयांपुरते पाहता दोन गोष्टी लक्षणीय आहेत. २०११ चे नियम ‘बॉडी कॉर्पोरेट’ला उद्देशून असल्यामुळे न्यासाने चालविलेली शिक्षणसंस्था त्यांत मोडते काय, यावर वाद घालता येत असे. नव्या कायद्यातील व्याख्येत संस्था, संघटना व राज्यही येते, त्यामुळे ती पळवाट उरत नाही. दुसरे असे, की अठरा वर्षांखालील व्यक्ती या कायद्याने बालक आहे आणि तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग अनेक वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेले आहेत. एकाच आवारात, एकाच संकेतस्थळावर बालक व सज्ञान असे दोन्ही विद्यार्थी नोंदणी करतात. शैक्षणिक कामकाज आणि मुलांची सुरक्षितता यांपुरती नियमांनी संस्थांना सवलत दिली असली, तरी तिच्या कक्षेत काय येते आणि काय येत नाही, हे प्रत्येक अर्जागणिक तपासावे लागणार आहे. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, माजी विद्यार्थ्यांचे मंडळ, खासगी शिकवणीवाल्यांच्या हाती जाणाऱ्या याद्या, या बाबी ‘शैक्षणिक कामकाजा’त सहजासहजी बसत नाहीत.

भाषेचाही प्रश्न या कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आणला. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याचा पर्याय संबंधित व्यक्तीला द्यावा लागेल. त्या बावीस भाषांत मराठी आहे, कोंकणीही आहे. आजवर वकिलाने तपासलेला मजकूर इंग्रजी असे आणि मराठी रूपांतर झालेच तर ते छाननीनंतर, दुसऱ्याच कोणाकडून होई. ‘शेअर करणे’ याचे ‘वाटणे’ केले की अर्थ बदलतो. ‘प्रोसेस करणे’ याला ‘प्रक्रिया करणे’ म्हटले तर सामान्य वाचकाला कारखाना आठवतो. मराठी मजकूरही सूचनाच असल्यामुळे त्याची छाननी मराठीतच व्हावी लागेल, आणि त्यासाठी मराठीत मसुदा करू शकणारा वकील लागेल.

सूचना, संमती व दंड यांविषयीची मुख्य कलमे नियमांच्या प्रसिद्धीपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येणार आहेत. कलम ४३अ वगळणारी तरतूदही त्याच वेळी लागू व्हायची आहे. तोपर्यंत २०११ चे नियम कायम आहेत. या मधल्या काळात धोरण तपासणाऱ्या वकिलापुढे दोन कायदे आहेत, आणि संस्थेच्या कपाटात व संगणकात अशा नोंदी आहेत, ज्या या दोहोंच्याही आधी गोळा झाल्या.